वरिष्ठ सभागृहाचें खरें शस्त्र

वरळीच्या गिरणीकामगारास १९३७ सालीं मुंबई प्रांताच्या विधानपरिषदेसाठीं मत जवळजवळ नव्हतेंच. तो अधिकार मुख्यतः मालमत्तेवर ठरे. तरीहि त्याच्या हिताचें, विधानसभेनें संमत केलेलें विधेयक ही परिषद अडवूं शके. बारा महिन्यांत तंटा न मिटल्यास गव्हर्नरास संयुक्त बैठक बोलावितां येई, अशी तोड १९३५ च्या कायद्यांत होती. त्या बैठकींत विधानसभेचे सभासद १७५, परिषदेचे जेमतेम तीस! निकाल उघड होता. म्हणजे वरिष्ठांचें खरें शस्त्र मत नव्हे, तर काळ होता.

१९५० च्या राज्यघटनेनें संयुक्त बैठक संसदेपुरती ठेविली. १९६१ सालीं हुंडाबंदीचा तंटा तेथेंच मिटला. राज्यांत मात्र, अर्थविधेयकें वगळतां, परिषद प्रथम तीन महिने विधेयक रोखूं शकते. तिच्या दुरुस्त्या न पटल्यास विधानसभा तें पुन्हां संमत करिते. त्यानंतर परिषदेच्या हातीं एकच महिना उरतो. अखेरचा शब्द विधानसभेचाच.

बारा महिन्यांचे चार झाले, हें योग्यच. पोटाच्या प्रश्नास वर्षभर ताटकळविणें हा अन्याय. परंतु घाईनें लिहिलेलें कलम चार महिने लोकांच्या नजरेखालीं राहणें, हें त्याच कामगाराचें रक्षण होय.