मांजराचे आजारपण

पाळीव मांजर दुखणे अंगावर काढते. ते एकट्याने शिकार करते आणि मोठ्या जनावराची शिकारही होऊ शकते, त्यामुळे अशक्तपणा लपवणे त्याच्या अंगवळणी पडले आहे. म्हणून आजाराची पहिली खूण सवयी बदलल्यावरच दिसते : अंग चाटणे सोडल्याने केस विस्कटतात, मांजर उंचावर उडी मारेनासे होते, पोत्यांमागे दडून बसते, हात लावताच गुरगुरते. कोरडे नाक म्हणजे ताप, ही समजूत चुकीची. निरोगी मांजराचे तापमान मुळातच 100.5 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते, त्यामुळे ते हाताला नेहमी गरमच लागते. झोपेतील श्वास मोजणे अधिक भरवशाचे. ते मिनिटाला 30 पेक्षा कमी असावेत. तोंड उघडून धाप लागली असेल तर थांबू नये.

लातूर–बार्शी रस्त्यावरील मुरुडसारख्या बाजाराच्या गावी मांजर लाडापेक्षा उंदरांसाठी पाळले जाते. ते शेणखळीत, वाळूत कुठेही जाऊन येते. त्याची लघवी कुणी पाहत नाही. घात इथेच होतो. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. त्यात खडे किंवा चिकट गाळ अडकला की बोका वारंवार लघवीला बसतो, कण्हतो, थेंबही पडत नाही, आणि घरचे बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजतात. लघवी पूर्ण तुंबल्यास एक-दोन दिवसांत जीव जातो.

दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या, विशेषतः लठ्ठ, मांजराच्या यकृतात चरबी साचते. हिरड्या व कानांची आतली कातडी पिवळी पडते. लस न दिलेल्या पिल्लांत उलट्या, जुलाब व मरगळ एकदम आली तर पॅनल्युकोपेनिया या विषाणूजन्य रोगाची शंका घ्यावी. धान्याजवळ झिंक फॉस्फाइड हे उंदरांचे विष ठेवले असेल आणि मांजराला उलट्या, झटके सुरू झाले, तर विषबाधा धरूनच चालावे.

घरगुती औषधांत पॅरासिटामॉल सर्वांत घातक. मांजराच्या यकृताला ते नीट पचवता येत नाही. हिरड्या तपकिरी-निळसर होतात, तोंड सुजते. माणसाची एक गोळीही प्राणघातक ठरू शकते.

लातूर जिल्ह्यात उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. दवाखान्यात नेताना मांजर झाकलेल्या टोपलीत न्यावे आणि शेवटचे खाणे व लघवी केव्हा झाली, हे आधी सांगावे.