दुपंखी विमानाचे स्वप्न आणि त्याची वाट

पनवेल तालुक्यातील नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. विमानतळ असा घराजवळ आल्यावर पनवेलच्या मुलामुलींना वैमानिक व्हावेसे वाटले तर नवल नाही. मात्र काहींचे स्वप्न प्रवासी विमानाचे नसते. एकावर एक अशा दोन पंखांच्या, उघड्या कॉकपिटच्या चिमुकल्या विमानात बसून आकाशात कोलांट्या घ्याव्यात, अशी त्यांची आस असते. या स्वप्नाची वाट कोठून जाते, याचा हा आढावा.

दोन पंखांचे गणित

दुपंखी विमानाचे, म्हणजेच बायप्लेनचे वरचे आणि खालचे पंख उभ्या दांड्यांनी व ताणलेल्या तारांनी जखडलेले असतात. त्यामुळे पंखांची लांबी कमी ठेवूनही पुरेसे क्षेत्रफळ मिळते आणि सांगाडा हलका, तरी भक्कम राहतो. असे विमान चटकन कूस बदलते. तारा व दांड्यांमुळे हवेचा अवरोध मात्र वाढतो. म्हणूनच वेगाच्या शर्यतीत १९३०च्या दशकात ही रचना मागे पडली; कसरतींमध्ये तिचे स्थान टिकून राहिले. ब्रिटनचे टायगर मॉथ १९३१ मध्ये, तर अमेरिकेतील कर्टिस पिट्स यांचे पिट्स स्पेशल १९४४ मध्ये प्रथम उडाले. कसरतींचे विमान म्हणून पिट्सचा आजही दबदबा आहे.

या कसरती शरीराची परीक्षा पाहतात. विमानाने उभे वर्तुळ घेतले, म्हणजेच लूप केला, की तळाशी शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या साधारण चौपट भार येऊ शकतो. साठ किलो वजनाच्या माणसाला आपले वजन २४० किलो झाल्यासारखे वाटते. रक्त पायांकडे ओढले जाते आणि सराव नसल्यास डोळ्यांपुढे अंधारी येते.

फ्रान्सचा किनारा ते जुहू

आयुष्यभर जपलेल्या उड्डाणवेडाचे सर्वांत ठळक उदाहरण मुंबईचेच आहे. जे. आर. डी. टाटा यांचे बालपणीचे सुट्टीचे दिवस उत्तर फ्रान्समधील आर्देलो या समुद्रकाठच्या गावी जात. इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारे लुई ब्लेरिओ यांचे घर तेथेच होते. त्यांचे वैमानिक आदोल्फ पेगू किनाऱ्यावर विमान उतरवीत. हेच पेगू १९१३ मध्ये आकाशात लूप घेणाऱ्या जगातील पहिल्या वैमानिकांपैकी एक ठरले. पंधराव्या वर्षी आर्देलोलाच जेआरडी प्रथम विमानात बसले आणि आपणही वैमानिक व्हायचे, हे त्यांनी मनाशी पक्के केले.

ती इच्छा पुरी होण्यास सुमारे दहा वर्षे लागली. १९२८ मध्ये जुहू येथे बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला. टाटा कंपनीचे काम सांभाळून जेआरडी तेथे दुपंखी मॉथ विमानावर शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना भारतात देण्यात आलेला पहिला परवाना मिळाला.

पुढच्याच वर्षी आगाखान पारितोषिकासाठी इंग्लंड आणि भारत यांदरम्यान एकट्याने उड्डाण करण्याची स्पर्धा झाली. जेआरडी जिप्सी मॉथ घेऊन कराचीहून निघाले. इजिप्तमधील अबुकीर येथे त्यांना उलट दिशेने येणारा सतरा वर्षांचा प्रतिस्पर्धी अ‍ॅस्पी इंजिनिअर भेटला. स्पार्क प्लगअभावी तो अडकून पडला होता. जेआरडींनी आपल्याजवळचे प्लग त्याला दिले. अ‍ॅस्पी काही तासांच्या फरकाने जिंकला. १९६० ते १९६४ या काळात तोच भारतीय हवाई दलाचा प्रमुख होता.

आजची वाट

विद्यार्थी वैमानिकाच्या परवान्यासाठी वयाची १६ वर्षे पूर्ण असावी लागतात. खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी १७ वर्षे वय, दहावी उत्तीर्ण, वैद्यकीय तपासणी आणि किमान ४० तासांचे उड्डाण आवश्यक असते. व्यावसायिक परवान्यासाठी भौतिकशास्त्र व गणितासह बारावी आणि २०० तासांचा अनुभव लागतो. एनसीसीच्या हवाई शाखेतील छात्रांना मायक्रोलाइट विमानातून उड्डाणाचा अनुभव मिळतो.

कसरतींचे शिक्षण त्यापुढचे. नेहमीच्या प्रशिक्षण विमानांना लूपची परवानगी नसते. त्यासाठी प्रमाणित विमान आणि अनुभवी प्रशिक्षक हवा. भारतात संघटित हवाई कसरती प्रामुख्याने हवाई दलातच होतात. १९९६ मध्ये स्थापन झालेले ‘सूर्यकिरण’ पथक त्याचे उदाहरण होय. मात्र ते जेट विमाने वापरते. हवाई दलाने जतन केलेले एक टायगर मॉथ २०१२ मध्ये पुन्हा आकाशात झेपावले, पण तो वारसा आहे, शाळा नव्हे. नागरी हौशी वैमानिकाला दुपंखी विमानावर कसरती शिकायच्या असतील तर ब्रिटन किंवा अमेरिकेची वाट धरावी लागते. त्यामुळे खर्चाचा हिशेब आधी मांडलेला बरा.

पनवेलच्या आकाशात मात्र हे घडणे कठीण. दोन आंतरराष्ट्रीय विमानतळांच्या वाहतुकीत कोलांट्यांना जागा नाही. तेव्हा आधी परवाना, मग अनुभव, मग कसरती, हाच क्रम. त्याला वेळ लागतो, आणि वेळ लागला म्हणून बिघडत नाही. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी जेआरडींनी लहानशा लेपर्ड मॉथमधून कराचीहून पुन्हा एकदा जुहू गाठले, तेव्हा त्यांचे वय ७८ होते.