नेचे आणि कांचेची पेटी

सह्याद्रींत पाऊस स्थिरावला कीं ओल्या दरडींवर हंसराजाचीं पानें डोलूं लागतात. काळ्याभोर, तकतकीत देंठांवरचीं तीं नाजूक पानें पाहून एखादें रोप घरीं आणण्याचा मोह अनेकांना होतो; आणि आणलेलें रोप थोड्याच दिवसांत कडांपासून करपूं लागतें, हा अनुभवही तितकाच सार्वत्रिक आहे. पाणी तर रोज घातलेलें असतें. मग उणें पडतें तें काय? युरोपांतील उद्यानांनाही ह्याच प्रश्नानें दीर्घकाळ सतावलें होतें. उष्ण कटिबंधांतील अरण्यांतून जहाजानें पाठविलेले लहान नेचे बहुधा वाटेंतच मरत, आणि पोंचलेच तर शहराच्या हवेंत तग धरीत नसत. ते तेथें जगूं लागले, याचें श्रेय मुख्यतः दोन वैद्यांच्या निरीक्षणाला आहे.

पहिली अडचण बियाण्याची होती. नेच्याला फूल येत नाहीं, फळ धरत नाहीं. मग त्याची वंशवृद्धि होते कशी? युरोपांतील सामान्य जनांची समजूत अशी होती कीं, नेच्याचें बीं अदृश्य असतें आणि तें ज्याला लाभेल त्यालाही अदृश्य होतां येतें! पानाच्या पाठीवरील तपकिरी ठिपक्यांतून झडणारी पूड सर्वांच्या नजरेसमोर होती. पण ती पेरून पाहून तिचें रहस्य नीट उलगडलें तें जमेका बेटांतील जॉन लिंडसे नांवाच्या शस्त्रवैद्यानें. त्यानें ती कुंडींतील ओल्या मातीवर टाकली आणि तिच्यांत होणारे फरक सूक्ष्मदर्शकांतून दररोज पाहिले. त्याचा निबंध लंडनच्या लिनीअन सोसायटीनें १७९४ सालीं प्रसिद्ध केला. पुडीच्या कणांतून प्रथम नखाहूनही लहान असा हिरवा पापुद्रा निघतो आणि नेच्याचें खरें रोप त्यावर मागाहून येतें. ह्या दोन पिढ्यांचा परस्परसंबंध जर्मन शास्त्रज्ञ हॉफमाइस्टर यांनीं १८५१ मध्यें स्पष्ट केला. त्या पापुद्र्यावरील नर व मादी पेशींचा संगम पाण्याच्या पातळ थरावांचून होत नाहीं. म्हणूनच अशा कुंडीवर आजही कांच झांकून ठेवतात आणि पाणी वरून न ओततां खालच्या ताटलींतून देतात.

दुसरी अडचण हवेची. लंडनच्या पूर्व भागांत, गोद्यांजवळच्या वेलक्लोज स्क्वेअरमध्यें डॉ. नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड (१७९१–१८६८) हे वैद्यकी करीत. घराच्या आवारांत दगडांची रास रचून व तिच्यावर पाणी झिरपत ठेवून त्यांनीं नेचे लावून पाहिले. पण कोळशाच्या धुरानें ते सारे मेले. १८२९ सालीं एका पतंगाचा कोष फुटतांना पाहावा म्हणून त्यांनीं तो रुंद तोंडाच्या बाटलींत, ओल्या मातींत पुरला व वर झांकण बसविलें. त्या मातींतून न लावलेला एक नेचा व थोडें गवत उगवलें! दिवसा बाटलींतील ओल वाफ होऊन कांचेवर जमे व तेथून पुन्हां मातींत उतरे. अभ्यासिकेच्या खिडकीबाहेर ठेवलेल्या ह्या बाटलींत तीं दोन्ही रोपें पाण्याच्या एकाही थेंबावांचून सुमारें चार वर्षें जगलीं. शेवटीं झांकण गंजून आंत पावसाचें पाणी शिरलें, तेव्हां तीं कुजून गेलीं. ओल न तुटल्यानें जगलेलीं रोपें अति पाण्यानें मेलीं, हा त्या बाटलीचा धडा लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

ह्याचें कारण नेच्याच्या पानांत आहे. दाट, दमट अरण्यांतील कांहीं लहान नेच्यांचें पान पेशींच्या केवळ एका थराचें असतें. बाष्प रोखून धरणारें जाड आवरण त्याला नसतें, आणि पाणीही तें बव्हंशीं पृष्ठभागानेंच शोषून घेतें. भोंवतालची हवा कोरडी असली तर मुळांशीं ओतलेलें पाणी त्याच्या उपयोगीं पडत नाहीं.

१८३३ मध्यें वॉर्ड यांनीं नेचे व गवतें भरलेल्या दोन बंद पेट्या सिडनीस पाठविल्या. रोपें सुखरूप पोंचलीं. परतीच्या प्रवासांत ऑस्ट्रेलियांतील रोपांनीं केप हॉर्नचें हिम आणि विषुववृत्ताचा उष्मा दोन्ही सोसले व तींही जिवंत आलीं. पूर्वीं २० पैकीं १९ रोपें वाटेंत मरत, आतां १९ जगूं लागलीं, असा हॅकने येथील लॉडिजेस ह्या रोपवाटिकेचा अनुभव होता. पुढें रॉबर्ट फॉर्च्युन यांनीं चीनमधील चहाचीं रोपें हिमालयाच्या पायथ्याशीं आणलीं तीं अशाच पेट्यांतून. क्यू उद्यानानें ही पेटी १९६२ पर्यंत वापरली. मात्र तिच्या मातींतून तणें व कीडही देशोदेशीं गेली.

इंग्लंडांत १८४५ सालीं कांचेवरील कर उठला आणि दिवाणखान्यांतून नेच्यांच्या पेट्या दिसूं लागल्या. ह्या छंदाला १८५५ मध्यें चार्ल्स किंग्जले यांनीं ‘नेच्यांचें वेड’ अशा अर्थाचें नांवच दिलें. आयर्लंडांतील किलार्नीचा नेचा हा उष्ण प्रदेशांतील पातळ पानांच्या नेच्यांचा सगोत्र. पेटींत तो उत्तम वाढतो म्हणून संग्राहकांनीं तो रानांतून इतका ओरबाडला कीं कित्येक ठिकाणीं तो दिसेनासा झाला. आज त्याला कायद्याचें संरक्षण आहे. ज्या पेटीनें नेचे वांचविले, तिनेंच रानांतील नेच्यांवर हें संकट आणलें.

हंसराजाच्या बाबतींत ही चूक टाळतां येण्यासारखी आहे. दरडीवरचें रोप उपटण्याऐवजीं पिकलेलें एक पान कागदाच्या घडींत ठेवावें. त्यांतून गळणारी पूड उकळतें पाणी ओतून निवविलेल्या मातीवर पेरावी, वर कांच झांकावी आणि कुंडी सावलींत ठेवावी. ऊन लागल्यास बंद कांचेखालीं रोपें उकडून निघतात. कांचेवर अखंड धुकें राहिल्यास झांकण थोडा वेळ उघडावें. हिरवा पापुद्रा दिसण्यास कांहीं आठवडे आणि रोप हातीं लागण्यास कांहीं महिने जातात. तोंवर दरडीवरचा हंसराज जागच्याजागीं राहतो.