दुसऱ्याच्या पापाचें प्रायश्चित्त

ख्रिस्ती उपदेशकांनीं ‘प्रायश्चित्त’ हा शब्द आमच्या धर्मशास्त्रांतून उचलला, आणि त्याबरोबर एक गैरसमजही पदरीं घेतला. आमच्या शास्त्राप्रमाणें ज्याचें पाप त्यानेंच तें व्रतानें वा दानानें फेडावयाचें. 1843 सालीं मुंबईंत नारायण शेषाद्रि ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला होता. त्यास न्यायालयानें बापाच्या स्वाधीन केलें, आणि त्याला जातींत परत घेण्यासाठीं बाळशास्त्री जांभेकरांनीं सनातन्यांचा रोष पत्करला. प्रायश्चित्त घ्यावयाचें मात्र त्या अजाण पोरानेंच!

ख्रिस्ती मत नेमकें उलट आहे. तेथें निष्पापानें क्रुसावर वेदना सोसल्या आणि पापी सुटले. हें घडतें कसें, याविषयीं त्यांच्या पंडितांतही एकवाक्यता नाहीं. अकराव्या शतकाच्या अखेरीस आन्सेल्मनें म्हटलें कीं, पापामुळें ईश्वराच्या मानाचें ऋण मनुष्यावर चढलें. देणें मनुष्याचें, फेडण्याचें सामर्थ्य ईश्वराचें, म्हणून ईश्वरानें मनुष्य व्हावें. आमच्या खान्देशांतील कर्जबाजारी कुणब्याला हा युक्तिवाद चटकन् उमगेल. मला मात्र त्यास सावकाराच्या वहीचा वास येतो. बाराव्या शतकांतील आबेलारच्या मतें त्या वेदनेनें ऋण फिटत नाहीं. तींत प्रगट होणाऱ्या प्रेमानें पाप्याचें हृदय पालटतें.

हे दोन पक्ष मला समजले ते अमळनेरच्या एका शिक्षकामुळें. साने गुरुजी तेथें 1930 पर्यंत शिकवीत. 1932 सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांचीं गीतेवरील प्रवचनें त्यांनींच उतरून घेतलीं. पंढरीचें मंदिर हरिजनांस बंद, हें पाप त्यांनीं केलेलें नव्हतें; तरी 1 मे 1947 रोजीं ते तेथें उपोषणास बसले. सुमारें दहा दिवसांनीं संमति मिळाली. पण पूर्वीं ऋणकोच्या दारीं ब्राह्मण धरणें धरून बसे, तेव्हां पैसे निघत ते ब्रह्महत्येच्या भयानें. पंढरपुरास हृदय पालटलें कीं भय वाटलें? गांधीजींनाही तें उपोषण प्रथम रुचलें नव्हतें.

1948 च्या जानेवारींत गांधीजींचा खून झाल्यावर गुरुजींनीं पुन्हां एकवीस दिवस उपोषण केलें. या खेपेस उघडावयाचें कोणतेंही मंदिर नव्हतें. मारेकरी मराठी बोलणारा होता, एवढेंच त्यांचें त्या पापाशीं नातें.