बिद्री येथील जीवशास्त्राचे एक बाड व उंबराचे फूल

त्रैमासिकाच्या पृष्ठांवर महजर, निवाडपत्रे, सनदा व ताम्रपट ह्यांची चर्चा यावी, हा परिपाठ आहे. तेथे शाळेतील जीवशास्त्राच्या वह्यांचे काय प्रयोजन, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनात उभा राहील. प्रथमतः तो आमच्याही मनात उभा राहिला होता. परंतु सदर वह्या हाती घेऊन पंधरा दिवस त्यांचे परिशीलन केल्यावर आमचे मत पालटले. ते कसे पालटले, हे संशोधकांपुढे ठेवणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

बिद्री हे गाव कागल तालुक्यात, कोल्हापुराहून गारगोटीस जाणाऱ्या मार्गावर आहे. दूधगंगा व वेदगंगा ह्या नद्यांचे नाव धारण करणारा सहकारी साखर कारखाना येथे असल्यामुळे गावाचे नाव जिल्ह्यात सर्वतोमुखी आहे. भोवताली ऊस, उसाच्या बांधावर थोडी झाडे, आणि ओढ्याकाठी उंबर, असा हा प्रदेश. येथील एका परिचित गृहस्थांच्या माळ्यावर जुनी पोथी असल्याचे कळल्यावरून आम्ही तेथे गेलो. पोथी निघाली ती अलीकडची छापील. पण तिच्याखाली सुतळीने बांधलेले एक बाड होते, व ते दुसऱ्या दिवशी रद्दीवाल्याच्या तराजूत जावयाचे होते. गृहस्थांनी ते आम्हांस आनंदाने दिले.

बाडात एकूण पाच वह्या आहेत. पैकी तीन प्रात्यक्षिकाच्या, एक वनस्पतिसंग्रहाची व एक प्रकल्पाची. प्रात्यक्षिकाच्या वहीत एका बाजूस रेघांचा कागद व समोर कोरा कागद असतो. रेघांवर शाईने मजकूर, कोऱ्यावर शिसपेन्सिलीने आकृती. आरंभी छापील प्रमाणपत्र आहे: अमुक विद्यार्थ्याने अमुक वर्षी इतके प्रयोग पूर्ण केले, खाली शिक्षकाची सही. पोथीत जे काम अखेरची पुष्पिका करते, तेच काम येथे आरंभीचे प्रमाणपत्र करते. लेखक, लेखनकाल व लेखनस्थान ही तिन्ही त्यात सापडावयाची. लेखक विद्यमान असल्याने त्यांची नावे येथे दिलेली नाहीत.

दुर्दैवाने प्रमाणपत्रांवरील सालाचा भाग वाळवीने खाल्ला आहे. तथापि कालनिर्णयास अंतर्गत पुरावा आहे. दोन वह्यांवर ‘इयत्ता बारावी’ असा स्पष्ट उल्लेख आहे. नव्या आकृतिबंधाप्रमाणे महाराष्ट्रात दहावीची पहिली शालान्त परीक्षा 1975 साली झाली. त्या तुकडीतील विद्यार्थी 1976 च्या जूनपूर्वी बारावीच्या वर्गात बसणे शक्य नव्हते. म्हणून ह्या दोन वह्या त्यानंतरच्या ठरतात. घरच्या मंडळींची आठवणही ह्याशी जुळते.

आता पाठचिकित्सेकडे वळू. तिन्ही प्रात्यक्षिक वह्यांत बेडकाच्या पचनसंस्थेची आकृती आहे. तिन्हींत पित्ताशय व प्लीहा ह्यांच्या खुणांची अदलाबदल झाली आहे. बेडूक तीन, विद्यार्थी तीन, आणि चूक मात्र एकच! हस्तलिखितांचे कुल लावणाऱ्यास ह्याचा अर्थ सांगावयास नको. समान दोष हा समान मातृकेचा पुरावा होय. तिघांनीही समोरच्या ताटातील बेडूक न पाहता एकाच मूळ आकृतीवरून नक्कल केली, हे उघड आहे. तेव्हा ह्या तीन वह्या तीन साक्षीदार मानता येत नाहीत. त्यांची साक्ष एकच, आणि तीही सदोष.

वनस्पतिसंग्रहाच्या वहीची स्थिती निराळी आहे. टाकळा, आघाडा, केना, कुर्डू, माका, गुळवेल अशा नेहमीच्या वनस्पती वाळवून चिकटविल्या आहेत. पुष्कळ पानांवर नमुन्याचा चुरा झाला असून केवळ डाग उरला आहे. लॅटिन नावे पुस्तकातून उतरलेली, म्हणून त्यांस स्वतंत्र मूल्य नाही. परंतु सुमारे निम्म्या पानांवर कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘उसाच्या बांधावर’, ‘ओढ्याच्या काठी’, ‘माळावर, पहिल्या पावसानंतर’ असे लिहिले आहे. हे शब्द कोणत्याही पाठ्यपुस्तकातले नव्हेत. जेथे वही पुस्तकाला सोडून बोलते, तेथेच तिच्यात नवीन माहिती असण्याचा संभव असतो. मात्र ती माहिती खरी की प्रमाद, हे बाहेरच्या पुराव्याने ताडून पाहावे लागते.

हाच नियम मनात ठेवून आम्ही प्रकल्पाची वही उघडली. विषय होता ‘आमच्या ओढ्यावरील उंबर’. तिसऱ्या पानावर उंबराचे फळ मधोमध चिरून दाखविले आहे. आत भिंतीला दाटीने लागलेले बारीक ठिपके असून त्यांना ‘फुले’ असे नाव दिले आहे. तोंडाशी खवले, त्यांच्याजवळ एक सुटा पंख, आणि आत एक बिनपंखाचा किडा. ही आकृती पाहताच आम्हांस आमच्या हातून झालेल्या प्रमादाचे स्मरण झाले.

अध्यापनाच्या काळात अमरकोशातील वनौषधिवर्ग शिकविताना उंबराला फूल नसते, असे आम्ही अनेक वर्षे निःशंकपणे सांगत आलो. आधार बळकट होता. फुलापासून फळ धरते तो वानस्पत्य, आणि फुलावाचून फळ धरते तो वनस्पती, असा अमराचा भेद आहे. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात हीच व्याख्या येते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातही ती आहे, व तिचा टीकाकार डल्हण उदाहरणादाखल पायरी व उंबर ह्यांची नावे घेतो. बौद्ध वाङ्मयात उदुंबराचे पुष्प दुर्लभतेचा दृष्टान्त म्हणून येते. आणि आपल्या भाषेत तर फार दिवसांनी भेटणाऱ्या माणसास आपण उंबराचे फूल म्हणतोच. एकदा एका विद्यार्थ्याने उंबर चिरून आणून आमच्या मेजावर ठेवले व ‘गुरुजी, हे काय?’ असे विचारले. आम्ही त्यास ‘किडके फळ आहे’ असे सांगून बसविले. तो मुलगा पुन्हा वर्गात प्रश्न विचारताना आम्हांस आठवत नाही.

वस्तुस्थिती अशी की, ज्यास आपण उंबराचे फळ म्हणतो तो आत वळलेला पुष्पाधार होय. त्याच्या पोकळीत शेकडो सूक्ष्म फुले असतात. काही मिलिमीटरांहून मोठी नसलेली एक गांधीलवर्गी माशी तोंडावरील खवल्यांतून आत शिरते. ह्या अरुंद वाटेत बहुधा तिचे पंख गळून पडतात. अंगावरील पराग ती स्त्रीपुष्पांना पोहोचविते, त्यांतील काहींत अंडी घालते व आतच मरते. पुढे नर आधी बाहेर पडतात. त्यांना पंख नसतात. माद्यांशी संग झाल्यावर ते भिंत पोखरून वाट करतात, आणि परागाने माखलेल्या माद्या नव्या उंबराच्या शोधात उडून जातात. ही माशी नाही तर उंबरास बी नाही, आणि उंबर नाही तर माशीस वंश नाही. वहीतील सुटा पंख ह्या व्यवहाराचा तंतोतंत पुरावा आहे. विद्यार्थ्याला त्याचा अर्थ ठाऊक होता की नाही, हे वहीवरून सांगता येत नाही. परंतु त्याने जे पाहिले ते लिहिले.

ह्यानंतर आम्ही अमरकोश पुन्हा उघडला, आणि जी गोष्ट चाळीस वर्षे डोळ्यांखालून गेली होती ती प्रथमच दिसली. त्याच वनौषधिवर्गात उदुंबराचे पर्याय दिले आहेत. त्यांत ‘जन्तुफल’ हा एक आहे. ज्याच्या फळात जंतू असतात तो! म्हणजे व्याख्या करणाऱ्यांनी फूल नाकारले, तरी नाव ठेवणाऱ्यांनी फळ फोडून पाहिले होते. ह्यावरून प्राचीनांस परागवहन ठाऊक होते असे मानणे म्हणजे पुराव्याच्या पुढे धावणे होईल. इतकेच म्हणता येते की, शास्त्राच्या व्याख्येपेक्षा लोकांच्या नावात निरीक्षण अधिक काळ टिकून राहिले.

म्हणूनच नावांची नोंद हे इतिहासाचे साधन होय. राजनिघंटूच्या कर्त्याने, नरहरीने, संस्कृत पर्यायांबरोबर महाराष्ट्र व कर्नाटक भाषांतील नावे देण्याचा परिपाठ ठेवला. आज ती नावे भाषेच्या इतिहासास उपयोगी पडतात. कोचीन येथे डच अधिकारी व्हान ऱ्हीड ह्याने सिद्ध करविलेला ‘होर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ 1678 ते 1693 ह्या काळात छापला गेला. त्याच्या आरंभी रंगभट, विनायक पंडित व आपुभट ह्या तीन कोंकणी वैद्यांचे 1675 सालचे प्रमाणपत्र नागरी लिपीत कोरून छापले आहे. नावे सांगणारे कोण, हे त्यामुळे आज आपणांस कळते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड घेताना रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये असे बजावले आहे. राज्यकारभाराच्या ग्रंथातही झाड कोणते व कोणाचे, ह्यास महत्त्व होते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात विज्ञान शिकविणारे बाळाजी प्रभाकर मोडक (1847–1906) ह्यांनी मराठीत शास्त्रीय ग्रंथ लिहिले आणि ह्याच प्रांताच्या राज्यांचा इतिहासही लिहिला. पदार्थांची परीक्षा व कागदांची परीक्षा ह्यांत त्यांना विरोध दिसला नाही.

अलीकडे यादव व सरदेसाई ह्यांचा कोल्हापूर जिल्ह्यातील वनस्पतींवरील ग्रंथ 2002 साली शिवाजी विद्यापीठाने प्रसिद्ध केला. त्याच वर्षी जैवविविधता कायदा झाला, व त्यान्वये गावोगाव लोकजैवविविधता नोंदवही करण्याची तरतूद आहे. गावची कैफियत लिहून घ्यावी तशीच ही गावच्या जीवसृष्टीची कैफियत होय. तिच्यात जुन्या काळची स्थिती कशावरून लिहावयाची? वृद्धांच्या आठवणीवरून, आणि अशा वह्यांवरून. प्रस्तुत वहीतील ओढ्याकाठी आम्ही स्वतः फिरलो. उंबर अद्याप आहे. दत्ताचे स्थान म्हणून त्यावर कोणी कुऱ्हाड चालविली नाही. वहीत माळ म्हणून लिहिलेल्या जागी मात्र आज ऊस आहे. तेथे पूर्वी माळ होता व पहिल्या पावसानंतर त्यावर काय उगवत असे, ह्याचा लेखी पुरावा आमच्या पाहण्यात ह्या एका वहीखेरीज दुसरा नाही.

ह्या वह्या दरवर्षी परीक्षा आटोपल्यावर मणामणाने रद्दीत जातात. सर्व जतन कराव्या असे आमचे म्हणणे नाही. नकलांचा ढीग साठविण्यात अर्थ नाही. वनस्पतिसंग्रह व स्थानिक प्रकल्प तेवढे निवडावे. प्रत्येकावर गाव, जागा, तारीख व नाव सांगणाराचा निर्देश असल्यास तो यादीत उतरावा. लॅटिन नाव चुकलेले असल्यास मूळ तसेच ठेवून शुद्ध नाव निराळ्या चिठ्ठीवर द्यावे. चिकटपट्टी ओढून काढू नये, नमुना फाटतो. शिक्षकांस एवढीच विनंती की, विद्यार्थ्याने पुस्तकातील आकृतीहून निराळी आकृती काढल्यास तांबडी रेघ ओढण्यापूर्वी त्याचा नमुना एकवार पाहावा. आम्ही तो पाहिला नाही.

सदर पाच वह्यांची फर्द आम्ही तयार केली असून मूळ बाड मंडळाच्या संग्रहास अर्पण करीत आहोत. वाचकांपैकी कोणाजवळ अशा वह्या असतील त्यांनी त्यांची माहिती कळवावी. आमच्या मेजावर उंबर ठेवणारा विद्यार्थी आता प्रौढ गृहस्थ असेल. हा लेख त्याच्या दृष्टीस पडल्यास त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्यास मिळावे: ती फुलेच होती.