गर्भवती मातेचे अफूजन्य व्यसन : उपचार आणि नवजात बालकाचे आरोग्य

अफूपासून तयार होणाऱ्या किंवा अफूसारखा परिणाम करणाऱ्या पदार्थांना अफूजन्य पदार्थ म्हणतात. हेरॉईन, आपल्याकडे 'गर्द' किंवा 'ब्राऊन शुगर' म्हणून विकला जाणारा तिचा अशुद्ध प्रकार, मॉर्फिन, कोडीनयुक्त खोकल्याचे औषध, ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या ही सर्व एकाच कुळातील द्रव्ये होत. व्यसन हा केवळ दुर्गुण नसून आजार आहे, हे वांद्रे येथे फादर जो परेरा यांनी १९८१ साली सुरू केलेल्या कृपा फाऊंडेशनने आणि पुण्यात १९८६ पासून कार्यरत असलेल्या मुक्तांगणने समाजाला बऱ्याच अंशी पटवून दिले आहे. परंतु व्यसनाधीन व्यक्ती जेव्हा गर्भवती असते, तेव्हा 'आजच्या आज सोडून दे' हा सल्ला, तो कितीही सद्हेतूने दिलेला असो, आई आणि बाळ दोघांनाही धोक्यात घालू शकतो.

एकाएकी का सोडू नये

आईच्या रक्तातील अफूजन्य द्रव्य वारेतून गर्भापर्यंत पोहोचते आणि गर्भाच्या शरीरालाही त्याची सवय होते. गर्दचा अंमल काही तासांतच ओसरतो. मग व्यसनी मंडळी ज्याला 'टर्की' म्हणतात तो त्रास सुरू होतो. अंगदुखी, उलट्या, जुलाब, घाम, जिवाची तगमग. दिवसातून अनेकदा होणारी ही चढउतार गर्भालाही सोसावी लागते. नशा अचानक थांबवल्यास गर्भाशयाचे आकुंचन, गर्भपात किंवा अकाली प्रसूती होण्याचा संभव असतो. याहून मोठा धोका पुढे असतो. निश्चयाने सोडलेली स्त्री काही आठवड्यांनी पुन्हा त्याच मात्रेकडे वळते, शरीराची सवय मात्र तोवर मोडलेली असते, आणि श्वास बंद पडून मृत्यू ओढवू शकतो.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ सालच्या मार्गदर्शक सूचनांत अशा गर्भवतींसाठी नशा तोडण्यापेक्षा मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही औषधे नियमित देणे श्रेयस्कर मानले आहे. ही औषधे अफूच्याच कुळातील असली तरी त्यांचा परिणाम दीर्घकाळ टिकतो. योग्य मात्रेत ती नशा न आणता तल्लफ शमवतात. भारतात राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या केंद्रांतून, प्रामुख्याने सुईने नशा करणाऱ्यांना, ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवण्यास दिली जाते. मेथाडोन येथे २०१२ पासून मोजक्या केंद्रांत उपलब्ध झाले. गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यांत शरीर औषध लवकर खर्च करते, त्यामुळे मात्रा वाढवावी लागते. घरच्यांना वाटते, व्यसन वाढले. वास्तविक तसे नसते.

दोहोंपैकी कोणते औषध बरे? अमेरिका, कॅनडा व ऑस्ट्रियातील केंद्रांत १७५ गर्भवतींवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्या मातांच्या बाळांना सरासरी १० दिवस रुग्णालयात राहावे लागले, तर मेथाडोनच्या गटात १७.५ दिवस. मात्र ब्युप्रेनॉर्फिनचा उपचार अर्ध्यावर सोडणाऱ्या स्त्रिया ३३ टक्के होत्या, मेथाडोनच्या गटात १८ टक्के. जी स्त्री मेथाडोनवर स्थिरावली आहे, तिचे औषध केवळ आकडे पाहून बदलू नये.

श्रद्धावंतांच्या मनातील शंका

एका नशेच्या जागी दुसरी देणे ख्रिस्तसभेला मान्य आहे काय? दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जून २०१४ मध्ये रोम येथील अंमली पदार्थविरोधी परिषदेत पर्यायी औषधांवर कठोर टीका केली होती, हे खरे आहे. अशी औषधे म्हणजे व्यसनापुढे पत्करलेली छुपी शरणागती होय, असा त्यांचा आशय होता. मात्र त्या भाषणाचा रोख अंमली पदार्थांना कायदेशीर मान्यता देण्याविरुद्ध होता, गर्भवतीच्या वैद्यकीय उपचाराचा प्रश्न तेथे नव्हता. 'कॅथलिक ख्रिस्तसभेची धर्मशिकवण' (परिच्छेद २२९१) मादक द्रव्यांच्या सेवनाला गंभीर अपराध ठरवताना निव्वळ उपचारार्थ होणारा वापर स्पष्टपणे वगळते. प्रस्तुत लेखकाच्या मते, दोन जीव वाचवण्यासाठी डॉक्टरांनी मोजून दिलेले औषध या अपवादात निःसंशय बसते.

जन्मानंतर

अशा मातेचे बाळ 'जन्मजात व्यसनी' असते, असे म्हटले जाते. हे चूक आहे आणि क्रूरही. व्यसनात हव्यास असतो. अर्भकाच्या शरीराला केवळ सवय झालेली असते, आणि नाळ कापल्यावर ते द्रव्य मिळेनासे होते इतकेच. सामान्यतः पहिल्या तीन दिवसांत लक्षणे दिसू लागतात: कर्कश रडणे, हातपाय थरथरणे, झोप न लागणे, वारंवार शिंका व जांभया, पातळ शौच, अधाशीपणे चोखूनही दूध नीट न पिणे. सर्वच बाळांना त्रास होतो असे नाही, आणि झाला तरी तो बरा होतो. म्हणून घरी जाण्याची घाई न करता बाळाला काही दिवस रुग्णालयातच देखरेखीखाली ठेवावे.

ही लक्षणे मोजण्याची पद्धत फिलाडेल्फियाच्या डॉ. लोरेटा फिनेगन यांनी १९७० च्या दशकात घालून दिली. गुण ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की बाळाला मॉर्फिनचे थेंब देत. अलीकडे मात्र तीन साध्या गोष्टी पाहतात: बाळ पुरेसे दूध पिते का, सलग झोपते का, कुशीत घेतल्यावर शांत होते का. खोली मंद उजेडाची, गोंगाट नाही, आणि बाळ आईच्या उराशी. अमेरिकेतील २६ रुग्णालयांत १३०५ बाळांवर झालेल्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या पद्धतीमुळे औषध द्यावे लागलेल्या बाळांचे प्रमाण ५२ वरून १९.५ टक्क्यांवर आले आणि बाळे सरासरी १४.९ ऐवजी ८.२ दिवसांत घरी जाण्याजोगी झाली. आपल्या आज्या हेच सांगत आल्या आहेत, फक्त त्यांनी ते मोजले नव्हते!

उपचारावर स्थिर असलेल्या मातेने, डॉक्टरांनी अन्य कारणाने मनाई केली नसल्यास, अंगावर अवश्य पाजावे. दुधातून औषधाचा अत्यल्प अंश जातो.

प्रसूतीपूर्वी डॉक्टरांना सर्व खरे सांगणे अगत्याचे आहे. अफूचा अंमल उतरवणारे नॅलॉक्सोन अशा नवजात बाळाला अजाणता दिले गेल्यास झटके येऊ शकतात. पण भीती वाटली की स्त्री खरे बोलत नाही. अमेरिकेच्या टेनेसी राज्याने २०१४ साली अशा मातांना शिक्षापात्र ठरवणारा कायदा केला, तेव्हा काही स्त्रिया तपासणीलाच येईनाशा झाल्या. २०१६ मध्ये तो कायदा मुदत संपून रद्द झाला. धर्मग्रामातील कुजबुज कायद्याइतकीच परिणामकारक असते. आपल्यापैकी कोणाला अशी बहीण ठाऊक असल्यास तिच्याबरोबर रुग्णालयात जावे, ही बातमी मिस्सानंतर चर्चच्या आवारात नेऊ नये.

बाळंतपण झाले म्हणून आईचे औषध थांबवायचे नसते. बाळाच्या जन्मानंतरचे पहिले वर्ष पुन्हा व्यसनाकडे वळण्याच्या दृष्टीने सर्वाधिक नाजूक असते. सुईने नशा केलेल्या मातेची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांसाठी तपासणी व्हावी, आणि बाळाला हिपॅटायटिस बी ची लस जन्मानंतर २४ तासांच्या आत टोचून घ्यावी.