बोली कोणकोणत्या येतात?

विंडोज ९५ ज्यांनी वापरली आहे, त्यांना एक चित्र नक्की आठवत असेल. एखादे फोल्डर 'शेअर' केले की त्याच्या पिवळ्या चिन्हाखाली एक पसरलेला हात दिसू लागे, पंगतीत ताट घेऊन आलेल्या वाढप्याचा असावा तसा. आपल्याकडच्या कितीतरी लहान कार्यालयांचा हिशेब वर्षानुवर्षे या हातावर विसावला होता. एका पीसीवर टॅलीचा डेटा, बाकीच्या तीन-चार पीसींवर तोच 'झेड ड्राइव्ह' म्हणून दिसायचा, आणि मूळ पीसी कोणी चुकून बंद केला की सगळ्या टेबलांवरून एकदम ओरड व्हायची. २०१७ च्या सप्टेंबरात लिनक्स वापरणाऱ्या अनेकांची गत थोडीफार अशीच झाली. कर्नलची ४.१३ ही नवी आवृत्ती घेतली आणि कपाटावरच्या जुन्या साठवण-पेटीकडे कालपर्यंत बिनबोभाट जाणारी वाट बंद झाली. पडद्यावर संदेश यायचा, क्रमांक ११२ : यजमान बंद आहे. यजमान तर दिवे लुकलुकवत समोरच बसलेला होता. हा घोळ कसा झाला आणि निस्तरला कसा, हे समजून घ्यायचे तर आपल्याला पस्तीसएक वर्षे मागे जावे लागेल.

दुसऱ्या यंत्रावरची फाइल आपल्याच यंत्रावर असल्यासारखी उघडावी, ही हौस तेव्हाही नवी नव्हती. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या मंडळींनी १९८२ मध्ये अनेक युनिक्स यंत्रे जोडून त्यांचे एकच यंत्र भासवण्याची युक्ती मांडली होती. 'न्यूकॅसल कनेक्शन' हे तिचे नाव आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. पुढच्याच वर्षी नॉव्हेलचे नेटवेअर बाजारात आले. त्याच सुमारास फ्लॉरिडातील बोका रॅटन येथे आयबीएमचे बॅरी फायगेनबॉम एका साध्या कल्पनेवर काम करत होते. डॉसमधील कोणत्याही प्रोग्रामला फाइल उघडायची, वाचायची किंवा मिटायची असली की तो 'इंटरप्ट २१' नावाच्या एकाच खिडकीशी येऊन अर्ज करी. फायगेनबॉम यांनी हा अर्ज खिडकीवरच अडवला, पाकिटात घातला आणि तारेवरून दुसऱ्या यंत्राच्या खिडकीवर पाठवला. अर्जदाराला पत्ताही लागत नसे. या पाकिटांच्या नियमावलीला त्यांनी आधी स्वतःच्याच नावाची आद्याक्षरे दिली होती, 'बीएएफ'. बाहेर पडण्यापूर्वी ती बदलून 'एसएमबी', म्हणजे सर्व्हर मेसेज ब्लॉक, असे रुक्ष नाव ठेवले गेले. आयबीएमने पीसी नेटवर्क जाहीर केले ते ऑगस्ट १९८४ मध्ये, आणि ही नियमावली त्याच्याबरोबर जगात आली.

या नियमावलीतली एक रीत मात्र आपण थांबून पाहण्याजोगी आहे, कारण पुढची सारी कथा तिच्याभोवती फिरते. एका यंत्राने दुसऱ्याचे दार ठोठावले की पहिले बोलणे बोलीबद्दल होते. मला अमुक अमुक बोली येतात, असे म्हणून पाहुणा यादी वाचतो. यजमान तिच्यातील स्वतःला समजणारी सर्वांत नवी बोली निवडून फक्त तिचा क्रमांक सांगतो. नियमावलीत यासाठी शब्दच 'डायलेक्ट' असा वापरला आहे, तेव्हा 'बोली' ही माझी पदरची उपमा नाही. सर्वांत जुन्या बोलीचे नाव 'पीसी नेटवर्क प्रोग्रॅम १.०'. मग मायक्रोसॉफ्टच्या हाती ही वस्तू गेली, ओएस/२ आणि लॅन मॅनेजरच्या काळात 'लॅनमॅन १.०' आली, 'लॅनमॅन २.१' आली, आणि विंडोज एनटीबरोबर 'एनटी एलएम ०.१२'. हा शेवटचा आकडा मोठा मौजेचा आहे. ०.१२ म्हणजे कच्चा खर्डा, पण १.० पर्यंत तो कधी गेलाच नाही आणि जगभरातल्या कचेऱ्या कित्येक वर्षे या खर्ड्यावरच चालल्या. नवी बोली आली म्हणून जुनी यादीतून काढायची मात्र पद्धत नव्हती. २००१ साली आलेली विंडोज एक्सपी कोणाच्याही दारात गेली की आपल्या सहा बोली वाचून दाखवी, आणि त्यांत पहिले नाव असे १९८४ च्या त्या आदिबोलीचे.

इथे कथा दक्षिण गोलार्धात जाते. १९९१ च्या अखेरीस कॅनबेरातील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेल पीएच.डी. करत होते. डिजिटल कंपनीचे एक सॉफ्टवेअर त्यांना चाचणीसाठी मिळाले, ते चालवायला त्याच कंपनीची पाथवर्क्स ही जाळ्याची प्रणाली हवी होती, आणि ट्रिजेल यांना तर युनिक्स यंत्रावरच्या फाइली पीसीवर दिसायला हव्या होत्या. त्यांनी तारेवरून जाणारी पाकिटे टिपणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला, कोणत्या प्रश्नाला काय उत्तर जाते ते पाहिले आणि तशीच उत्तरे देणारा सर्व्हर स्वतः रचला. जानेवारी १९९२ मध्ये त्याची ०.१ आवृत्ती त्यांनी खुली केली. गंमत अशी, की आपण एसएमबी बोलतो आहोत हे त्यांना ठाऊकच नव्हते. ही डिजिटलची खासगी भाषा असावी असा त्यांचा समज होता. पुढे घरचे लिनक्स यंत्र आणि पत्नीचा विंडोज पीसी जोडायची गरज पडली, तेव्हा त्यांनी ते जुने काम पुन्हा बाहेर काढले. १९९४ मध्ये नावाचा प्रश्न उभा राहिला, कारण 'एसएमबी सर्व्हर'शी मिळत्याजुळत्या नावावर एका कंपनीचा हक्क होता. ट्रिजेल यांनी यंत्रातल्या शब्दकोशात एस, एम, बी ही अक्षरे याच क्रमाने येणारे शब्द शोधले आणि त्यांतून 'साम्बा' निवडला. आपल्याला तो शब्द ऐकताच 'शोले'तला खडकावर बसलेला सांभा आठवतो, त्याला इलाज नाही.

आपण हे कसे साधले हे सांगताना ट्रिजेल फ्रेंच उपाहारगृहाचा दाखला देतात. भाषा येत नाही, कोश नाही. मग कोपऱ्यातल्या टेबलावर बसून राहायचे, गिऱ्हाईक काय म्हणते आणि वेटर काय आणून ठेवतो हे टिपत जायचे. अशा रीतीने शिकणाऱ्याचा एक तोटा असतो. मूळ घराने बोलण्याची रीत बदलली की त्याला ते आधी कळत नाही. १९९७ मध्ये विंडोज एनटी ४ च्या तिसऱ्या सर्व्हिस पॅकने पासवर्ड उघडा पाठवणे थांबवले. सुरक्षेच्या दृष्टीने ते रास्तच होते, पण सांकेतिक पासवर्डाची तजवीज न केलेल्या साम्बा सर्व्हरांची दारे त्यामुळे बंद झाली. दुरुस्तीचे दोन मार्ग होते. साम्बात सांकेतिक पासवर्ड सुरू करायचा, नाहीतर विंडोजच्या रजिस्ट्रीत एक नोंद घालून जुनी, उघडी पद्धत परत आणायची. पुष्कळांनी दुसरा धरला. तो सोपा होता.

जुने जपण्याचा सोपा मार्ग पुढे कसा महागात पडतो, याचा पुरावा त्या पासवर्डांतच होता. लॅन मॅनेजर काळचा सांकेतिक पासवर्ड चौदाच अक्षरांचा. लहान-मोठी लिपी मोडून सारी अक्षरे मोठी केलेली. त्याचे सात-सातचे दोन तुकडे पाडून ते वेगवेगळे बंद केलेले. चोराला चौदा अक्षरांचे कुलूप फोडायची गरजच नव्हती, सातांची दोन पुरत. तरीही विंडोज ९५ आणि ९८ यांची अडचण नको म्हणून ही पद्धत वर्षानुवर्षे राहिली. २००६ मध्ये विंडोज व्हिस्टाच्या वेळी मायक्रोसॉफ्टने अखेर नवी मांडणी केली. शंभराहून अधिक आज्ञांच्या जागी एकोणीस ठेवल्या, आणि पाकिटाच्या माथ्यावरचा पहिला बाइट 'एफएफ' होता तो 'एफई' केला, म्हणजे पाकीट हाती येताच जुने की नवे ते कळावे. पण दार ठोठावायचे ते जुन्याच पाकिटाने! जुन्या यादीच्या शेवटी 'एसएमबी २.००२' एवढे नाव जोडलेले असे. यजमानाने ते निवडले की मग दोघे नव्या भाषेत बोलू लागत. व्याह्याच्या दारात जुन्या रिवाजाने नमस्कार करावा आणि बैठकीत बसल्यावर कामाचे बोलावे, तसा हा प्रकार. साम्बाला ही नवी भाषा केवळ कोपऱ्यातल्या टेबलावरून शिकावी लागली नाही. अशा नियमावल्यांची माहिती इतरांना खुली करावी, हा युरोपीय आयोगाचा मायक्रोसॉफ्टविरुद्धचा निकाल सप्टेंबर २००७ मध्ये न्यायालयाने कायम केला, आणि त्याच डिसेंबरात दहा हजार युरो भरून साम्बाच्या मंडळींना कागदपत्रे पाहण्याची वाट मोकळी झाली.

मग २०१७ उजाडले. एसएमबीच्या पहिल्या अवतारात ओएस/२ च्या पद्धतीने लिहिलेले फाइलीचे जादा गुणधर्म एनटीच्या पद्धतीत उतरवणारा एक कोपरा होता. ओएस/२ केव्हाच इतिहासजमा झाली होती, तिच्यासाठी ठेवलेला दुभाषी मात्र सर्व्हरमध्ये तसाच बसून होता. त्या कोपऱ्यात यादीची लांबी ३२ बिटांत धरलेली होती. ती दुरुस्त करून परत लिहिताना खालचे १६ बिटच लिहिले जात. म्हणजे वहीत सहाआकडी रक्कम आणि खाडाखोड करताना शेवटचे तीनच आकडे बदललेले. या चुकीचा आधार घेऊन 'इटर्नलब्लू' हे घुसखोरीचे हत्यार घडवले गेले. मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला ठिगळ दिले. तरी १२ मे रोजी तेच हत्यार घेऊन आलेल्या 'वॉनाक्राय' या खंडणीखोर प्रोग्रॅमने ब्रिटनच्या रुग्णालयांसह जगभर हाहाकार केला, आणि २७ जूनला तेच हत्यार वापरणाऱ्या 'नॉटपेट्या'ने जहाजवाहतूक करणाऱ्या मेर्स्क समूहाला गाठले, तेव्हा आपल्या न्हावा-शेवा बंदरातील त्यांच्या टर्मिनलचे कामही अडले. जुनी बोली जपणे हा तोवर सौजन्याचा भाग होता. त्या उन्हाळ्यानंतर तो निष्काळजीपणा ठरू लागला.

लिनक्स कर्नलचा एसएमबी-पाहुणा तोपर्यंत, वेगळे काही सांगितले नाही तर, त्या ०.१२ च्या खर्ड्यातच नमस्कार करत होता. हे काम अनेक वर्षे सांभाळणाऱ्या गृहस्थांचे नाव स्टीव्ह फ्रेंच. ट्रिजेल यांच्या फ्रेंच उपाहारगृहाशी त्याचा काही संबंध नाही, पण योगायोग सुरेख आहे. ४.१३ मध्ये जुना नमस्कार बंद झाला आणि त्या जागी एसएमबी ३.० ही नवी बोली आली. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी आवृत्ती जाहीर करताना हा बदल मुद्दाम नोंदवला. वापरणाऱ्याचे चालते काम मोडायचे नाही, हा ज्यांचा जाहीर दंडक, त्यांनीही इथे मोडणे पत्करले, यावरून वॉनाक्रायचा धसका लक्षात येतो. माझ्या मते जुनी बोली सोडण्यात चूक नव्हतीच. चूक अशी झाली, की नवा पाहुणा यादीच वाचेनासा झाला. मला ३.० येते, एवढे एकच वाक्य बोलून तो उत्तराची वाट पाही. जुन्या पेट्या गप्प बसत, आणि मग तो 'यजमान बंद आहे'चा शेरा. पण विंडोज ७ चे काय? ती २.१ बोलत होती, ती बोली पाहुण्यालाही येत होती, तरी दोघांचे जुळेना, कारण २.१ चे नाव कोणी काढलेच नाही.

महिनाभरातच, ४.१३.५ मध्ये, दुरुस्ती आली. पाहुण्याच्या हाती पुन्हा यादी दिली : २.१, ३.० आणि ३.०२. बोका रॅटनच्या त्या जुन्या रिवाजाचा एवढाच तुकडा परत आणला, आदिबोलीला मात्र यादीत जागा दिली नाही. यादी परत आली तसा एक जुना धोकाही परत आला. वाटेत बसलेला कोणी यादीतली वरची नावे खोडून दोघांना हलक्या बोलीवर आणू शकतो. म्हणून ३.० च्या घराण्यात दुसऱ्यांदा विचारण्याची सोय आहे. आत गेल्यावर पाहुणा आपली मूळ यादी सही करून पुन्हा पाठवतो आणि यजमानाने ऐकलेली यादी तीच होती ना, हे ताडून पाहतो. दुरुस्तीत ही फेरतपासणीची यादीही लांबवावी लागली. तीत पूर्वीसारखे एकच नाव राहिले असते तर खरा यजमानसुद्धा खोटा ठरला असता. शिवाय बोली न सांगता जोडणी केली, तर आता कर्नलच्या नोंदींत एक सूचना उमटू लागली : मूळ बोली बदलली आहे, जुन्याच सर्व्हरकडे जायचे असेल तर 'व्हर्स = १.०' असे स्पष्ट लिहा. क्रमांक ११२ च्या कोड्यापेक्षा हे वाक्य कितीतरी माणुसकीचे.

साम्बाने सप्टेंबर २०१९ मध्ये, ४.११ या आवृत्तीत, पहिल्या अवताराला आपणहून दार उघडणे बंद केले. २०२१ च्या अखेरीस लिनक्स ५.१५ मधून लॅन मॅनेजर काळचे कमकुवत पासवर्डही गेले. पण कागद स्कॅन करून थेट फोल्डरात टाकणारी जुनी यंत्रे सहजी मरत नाहीत. एखाद्या कार्यालयात असे यंत्र कोपऱ्यात उभे असते, त्याला जुनीच बोली येते, त्याच्या कंपनीने नवे सॉफ्टवेअर देणे कधीच थांबवलेले असते. मग दुरुस्तीला आलेला मुलगा साम्बाची मांडणी-फाइल उघडतो, 'सर्व्हर मिन प्रोटोकॉल = एनटी१' ही ओळ घालतो, सर्व्हर बंद करून चालू करतो, आणि काचेवर एक कोरा कागद ठेवून हिरवे बटण दाबतो.